बुधरी वो

भूल उतरताना आपण काय बोललो हे नाहीदला दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सकडून कळलं. ऑपरेशन अपेंडिक्सचं, तसं किरकोळच. टाके ठणकत होते, तोंडाला कोरड पडली होती आणि खिडकीतून लक्ष्मी रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. थर्मामीटर झटकत नर्सनं विचारलं, "मॅडम, ही बुधरी कोण हो?" नाहीदला बुधरी नावाचं कुणीच ठाऊक नव्हतं. "अहो, काल स्ट्रेचरवरून खोलीत आणताना तुमचं सारखं तेच चाललं होतं. 'बुधरी वो, मले नेऊन राह्यले!' मी म्हटलं, झालं तुमचं ऑपरेशन, आता खोलीतच नेतोय. तर माझा हात धरून रडायलाच लागलात. अगदी लहान मुलीसारख्या." नर्सनं ते वाक्य हेल काढून पुन्हा म्हणून दाखवलं आणि हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. तरी नाहीदची कानशिलं तापली. "भुलीत माणूस काहीही बरळतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलता स्वतःच्या वाक्याकडे कान देऊन राहिली. वाक्य नेहमीसारखंच होतं, प्रत्येक अक्षर आपापल्या जागी.

हे कान देणं तिला जन्माचं चिकटलं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात ती मराठी शिकवायची. वर्गात 'ण' आणि 'न' यांतला फरक समजावून सांगताना तिला मनापासून आनंद व्हायचा, एखाद्यानं स्वच्छ पुसलेल्या काचेतून बाहेर बघावं तसा. "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो," लोक म्हणायचे, आणि त्या वाक्यानंतर थोडी जागा मोकळी सोडायचे. त्या मोकळ्या जागेत काय असायचं ते तिला माहीत होतं. ब्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यानंतर ती जागा जरा जास्तच रुंद झाली होती. मग नाहीद आणखी शुद्ध बोलू लागली. घरात अब्बांशी हिंदी, बाहेर हे मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये जिन्याच्या पायऱ्या, एवढीच तिची सरहद्द होती. त्या सरहद्दीच्या खाली आणखी कुणीतरी राहतं, ते 'मले' म्हणतं आणि भूल मिळाल्याबरोबर दार उघडून बाहेर येतं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. सलाइनच्या थेंबांकडे बघत तिनं मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. जमलं नाही. नर्सनं केली तितकीच वाईट नक्कल झाली.

शाळेतली एक दुपार तेवढी आठवली. पहिलीचा वर्ग, मुली ओळीनं बसलेल्या, आणि तिनं उभं राहून म्हटलं होतं, "बाई, मले पानी पाह्यजे." आधी एक मुलगी हसली, मग सगळा वर्ग. बाईसुद्धा हसल्या होत्या, प्रेमानंच. त्या दिवशी ती पाणी न पिता घरी गेली, आणि नंतर कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाही. नुसती ऐकत राहिली. बोलायला लागली तेव्हा ती इतर मुलींसारखी बोलत होती. हे 'मले' कुठून आलं होतं, असं तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. आपण नागपूरकडचे, एवढं घरात सांगितलं जायचं. तेवढ्यावर तिचं भागलं होतं.

घरी आल्यावर तिनं अब्बांना सांगितलं. गफ्फार आता पंचाहत्तरीला आले होते. कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, दिवसभर गॅलरीत बसून रेडिओ ऐकायचे. "बुधरी!" ते म्हणाले, आणि हसायलाच लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात. "या अल्लाह, बुधरी! तुझे याद है?" मग हसू थांबवून आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांनी पाहिलं, जणू अम्मी तिथून बाहेर येईल. अम्मीला, नसीमला, जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. मग हळूहळू, रेडिओ बंद करून, त्यांनी सांगितलं. पुण्याला येण्याआधी ते चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्याला राहत. त्यांचे वडीलही तिथलेच, आजोबाही. धंदा कलईचा. सायकलला भाता बांधून गावोगाव जायचं, कुणाच्या तरी अंगणात भट्टी लावायची, गावभरच्या पितळी भांड्यांना कलई करायची. नाहीद दोन वर्षांची असताना अम्मीला टीबी झाला आणि तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा जवळच्या आंबेतुकूम गावच्या गुणाबाई म्हणाल्या, पोरीला इथंच राहू द्या. शेतकरीण होत्या, त्यांच्याच अंगणात अब्बांची भट्टी लागायची. पुढं अम्मी बरी होऊन आली, मामूंनी पुण्यात नोकरी बघितली आणि सगळे निघाले, तोवर नाहीद तिथंच वाढली. "मला कधीच कसं सांगितलं नाहीत?" हा प्रश्न नाहीदच्या तोंडून मराठीतच आला. अब्बा म्हणाले, "तेरी अम्मी को गुणाबाई का नाम निकालना पसंद नहीं था." "क्यों?" "पूछा नहीं कभी." आणि बुधरी कोण, असं विचारल्यावर मात्र पुन्हा हसू लागले. "वो तू खुद जाके पूछ."

दिवाळीच्या सुट्टीत टाके सुकल्यावर ती निघाली. चंद्रपूरहून एसटीनं जाताना ती खिडकीशी बसून होती आणि मनात अम्मीशी भांडत होती. मेलेल्या माणसाशी भांडण एकतर्फी असतं, त्यामुळे ते संपत नाही. अम्मी तिला तेल लावायची, वेणी घालायची, आणि वेणी घालता घालता कधी कधी तिचे हात थांबायचे, ते आठवलं. लहानपणी आपण तिला काही विचारत होतो का? कुणाचं नाव घेत होतो का? अम्मीनं ते नाव वेणीत घट्ट बांधून टाकलं असणार. मत्सर, नाहीदनं मनाशी शब्द निवडला, आणि निवडताना लाज वाटली. बाहेर दोन्ही बाजूंना साग होता, मग बांबू, मग एकाएकी जंगल मागं सरून धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, सुरू व्हायच्या. पिवळ्याही म्हणता येत नव्हत्या, हिरव्याही नाही. या रंगाला शब्द काय, असा तिला प्रश्न पडला आणि आपल्याजवळ नाही हे लक्षात आलं. तिला वाटलं होतं, हे सगळं बघून काहीतरी हलेल, ओळखीचं वाटेल. काही हललं नाही. ती एखाद्या पाहुणीसारखी छान छान म्हणत राहिली. शेजारच्या सीटवरची बाई आपल्या नवऱ्याशी बोलत होती आणि नाहीदला तिचं सगळं कळत होतं. पण कळणं आणि बोलता येणं यांत किती अंतर आहे, हे ती वर्गात इतकी वर्षं शिकवत आली होतीच की.

आंबेतुकूमच्या फाट्यावर उतरली तेव्हा चहाच्या टपरीवरचे दोघेतिघे उठून उभे राहिले. "कोन्या हापिसातून आल्या बाई?" "मी पुण्याहून आले आहे. इथे बुधरीबाई राहतात का?" ते एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "कोनती बुधरी? आमच्या इथी तीन हायेत." मग गोंडांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वाडीवर, वरात निघाली. पहिली बुधरी कडेवर मूल असलेली विशीतली बाई होती. दुसरी बाजाराला गेली होती. तिसरी म्हातारी, बांबूची टोपली विणत ओसरीत बसलेली. तिनं नाहीदला पाटावर बसवलं, पाणी दिलं, तिचा चेहरा आपल्या खरबरीत हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि मनापासून खेदानं मान हलवली. "नाई वो बाई. तू माई पोर नाई." सोबतचे सगळे हळहळले, जणू त्यांचंच काही हरवलं होतं. "मग गुणाबाई तरी?" नाहीदनं विचारलं. "अशी सांगा ना!" टपरीवाला म्हणाला. "गुनाबाई त बांधीत धान कापून राह्यली."

धुऱ्यावरून, खाचराच्या अरुंद बांधावरून, जाताना तिची चप्पल घसरत होती. बांधीत पाच-सहा बायका वाकून कापत होत्या. सगळ्यांच्या पुढं एक उंच, हाडापेराची म्हातारी, कासोटा घट्ट खोचलेला, विळा चालवत सरकत होती. तिच्यामागं पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस पेंढ्या बांधत होता. टपरीवाल्यानं ओरडून सांगितलं, "मावशी, पुन्यावरून पाव्हनी आली!" म्हातारी सरळ झाली, कपाळावर हात आडवा धरून बघू लागली. नाहीदनं वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. आपण कोण, कुणाची मुलगी, किती उपकार. ती सगळी या क्षणी इतकी छापील वाटली की तिनं एकच शब्द काढला. "नाहीद."

"नाव काय म्हनलं?"

"नाहीद."

म्हातारीच्या तोंडून उत्तर आलं ते तिच्या आठवणीच्याही आधी आलं. "नाई देत त जाऊ दे, आमी मांगत नाई!" बोलली आणि स्वतःच दचकली. विळा हातात तसाच राहिला. मागचा माणूस पेंढी टाकून उभा राहिला. हे वाक्य या बांधीत यापूर्वी कितीदा म्हटलं गेलं असेल, एका छोट्या मुलीला तिच्या नावावरून चिडवण्यासाठी. आणि नाहीदला आठवलं काहीच नाही, पण पोटातून हसू मात्र आलं, गुदगुल्या केल्यावर येतं तसं, तिच्या परवानगीवाचून. "कलईवाल्याची?" गुणाबाईनं हळूच विचारलं. नाहीदनं मान डोलावली. मग विळा धुऱ्यावर पडला, आणि घामाचा, तंबाखूचा, ओल्या चिखलाचा वास तिच्या अंगावर कोसळला. शुद्ध मराठीत या वासाला काही शब्द नव्हता, आणि तिला तो नकोही होता. "केवढी झाली वो पोट्टी," गुणाबाई तिच्या खांद्यावर तोंड खुपसून म्हणत होती, "चष्मा बी लागला!"

पेंढ्या बांधणारा माणूस म्हणजे लटारू, गुणाबाईचा मुलगा. नाहीदपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. तिला खांद्यावर घेऊन फिरलेला, असं त्यानं अतिशय गंभीरपणे सांगितलं. मोहाच्या झाडाच्या सावलीत शिदोऱ्या सुटल्या. भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी, जवसाची चटणी. बायका गोलाकार बसून नाहीदकडे उघड उघड बघत होत्या. तिनं घास घेतला की त्याही घ्यायच्या. शेवटी तिनं विचारलं, "बुधरी कोण होती?" लटारूनं आईकडे पाहिलं. आईनं लटारूकडे. मग तो म्हणाला, "म्हस होती ना वो आमची. बुधवारच्या बजारातून आनली म्हनून बुधरी. तू तिच्या पाठीवर बसून गावभर फिरे." पहिल्यांदा टपरीवाला हसला. मग बायका. टोल्यावरच्या म्हातारीला म्हशीच्या जागी उभं केलं होतं हे कुणीतरी बोलून दाखवलं आणि हसण्याचा दुसरा लोंढा आला. नाहीद हसत होती आणि पोट धरत होती, टाके दुखत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुण्यात ती कधी तोंड उघडून अशी हसली नव्हती. पहिलीचा वर्ग तिला आठवला आणि त्याचं काहीच वाटलं नाही. हेही सगळं तिलाच हसत होते. पण या हसण्यात तिला बसायला जागा होती.

"पण मग मी तिलाच का हाका मारत होते?" हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, आणि दवाखान्यातलं सगळं सांगितलं. गुणाबाई ताटलीतला भात बोटांनी सारखा करत बसली. "तुई माय आली तवा तू तिच्याकडे पाहे बी नाई," ती म्हणाली. "माहा पदर धरून उभी. ती बिचारी आजारातून उठलेली, निस्ती हाडं. मंग मी तिले ठेवून घेतलं घरीच. तीच तुले न्हाऊ घाले, तीच चारे. मी दूर दूर राहो. जायच्या दिवशी मी घरी नाई थांबली. या मोहाच्या मांगं येऊन बसली. मी दिसली असती त तू गेली नसती, अन् तू रडली असती त मी जाऊ दिलं नसतं. तुमची बैलबंडी निघाली तवा रस्त्यावर ती एकटी म्हसच होती. बंडीमांगं फाट्यावरी चालत आली. तू तिलेच सांगून राह्यली होती, बुधरी वो, मले नेऊन राह्यले. मले आयकू येत होतं समदं." बायकांपैकी कुणीतरी पदर डोळ्याला लावला. गुणाबाईनं तिला दटावलं, "रडते कायले? आली ना पोट्टी." मग नाहीदकडे वळून म्हणाली, "अन् माहं नाव काढू नोको तिच्यापुढं, हे मीच सांगतलं होतं तुया मायले. नाव आयकलं का पोट्टी आठवन काढन, अन् तिले माय म्हनाची नाई. शपथ घातली होती. पाळली का वो तिनं?"

वेणी घालताना थांबणारे हात नाहीदच्या डोळ्यांपुढं आले, आणि पहिल्यांदाच ती त्या हातांच्या बाजूनं बघू लागली. पोरगी विचारतेय, बुधरी कुठं आहे, आणि आईच्या ओठांवर उत्तर आहे, म्हशीचं, धानाचं, या उंच बाईचं. आणि ते ती गिळून टाकते आहे, कारण दिलेला शब्द आहे. किती वर्षं गिळलं असेल. एसटीत निवडलेला तो शब्द नाहीदनं मनातून काढून टाकला. त्या जागी दुसरा निवडायची घाई तिनं केली नाही. "पाळली," ती म्हणाली. "मरेपर्यंत पाळली." गुणाबाईनं मान डोलावली. "मले माईत होतं. भली होती तुई माय." आणि उठून विळा हातात घेतला, कारण ऊन कलायच्या आत तेवढी बांधी उरकायची होती.

दोन दिवसांसाठी आलेली नाहीद सुट्टी संपेपर्यंत राहिली. पहिले काही दिवस तिनं त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला. 'मले' म्हणताना ती क्षणभर थांबायची, अक्षरावर नीट पाय ठेवायची, आणि शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. "रेडिओवानी बोलता तुमी," लटारूची बायको म्हणाली, "तसंच बोला, गोड वाट्टे." मग तिनं नाद सोडला. सकाळी अंगण सारवलेलं बघायची, नदीवर जायची, लटारू धानाचे भारे चुरण्यासाठी, म्हणजे मळणीला, बंडीतून खळ्यावर आणायचा त्याच्यासोबत भाऱ्यावर बसून यायची. अंधारी नावाच्या त्या नदीच्या काठी वाळूत बसलं की मनात जे नेहमी चालू असायचं, बोललेल्या प्रत्येक वाक्याची तपासणी करणारं, ते कधी कधी बराच वेळ गप्प राहायचं. आपण इथल्या आहोत का, असा प्रश्न घेऊन ती आली होती. इथं जमीन नव्हती, घर नव्हतं, पोंभुर्ण्यातली त्यांची खोली कधीच पडून तिथं दुसऱ्याचं दुकान झालं होतं. तिनं ते जाऊन पाहिलं आणि तिला काही वाटलं नाही. पण टोल्यावरची म्हातारी बुधरी रस्त्यात भेटली की टोपलीतली चारोळी तिच्या मुठीत कोंबायची आणि म्हणायची, "म्हस भेटली का वो तुले?" आणि सगळा रस्ता हसायचा.

एका दुपारी ती ओसरीत पेपर तपासत बसली होती. अंगणात खाण्यापुरतं झोडलेलं धान वाळत घातलं होतं. गुणाबाई आत चुलीशी होती. कुंपणाच्या फटीतून एक शेळी आत शिरली आणि सरळ धानावर आली. नाहीदनं मान वर केली आणि ओरडली, "माय वो! शेरी धान खाऊन राह्यली ना!" आतून गुणाबाई म्हणाली, "हाकल ना मंग, हात नाई का तुले?" आणि भाकरी थापत राहिली. तिला वेगळं काहीच ऐकू आलं नव्हतं. नाहीद शेळीमागं धावली, तिला कुंपणाबाहेर घालवली, आणि मग अंगणाच्या मध्यावर उभी राहिली. वाक्य अजून हवेतच असल्यासारखं वाटत होतं. त्याच्याकडे कान देऊन बघावं असं तिच्या मनात आलं. मग तिनं पायांनी धान सारखं केलं आणि पुन्हा पेपर तपासायला बसली.

बाजाराच्या दिवशी ती गुणाबाईला घेऊन पोंभुर्ण्याला गेली आणि एसटीडी बूथमधून पुण्याला फोन लावला. "बेटा, टाँके कैसे हैं? खाना ठीक से खाती है ना?" अब्बांचं नेहमीचं सुरू झालं. नाहीदनं काही न बोलता रिसीव्हर गुणाबाईच्या हातात दिला. म्हातारीनं तो हातभर लांब धरला आणि बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर ओरडावं तशी ओरडली, "कलईवाले भाऊ! जित्ते हाय का?" बूथमधला माणूस खुर्चीवरून उठला. बाहेर भाजी घेणारे लोक काचेला नाक लावून बघू लागले. गुणाबाई ओरडत होती. पोरगी काऊन नाई आनली इतके साल, एक कारड बी नाई, पितळेची भांडी गेली म्हनून मानसं बी गेली काय, इथी कोन जिवंत हाय अन् कोन मेलं ते तरी इचारा! मधूनच थांबायची, रिसीव्हर कानाला लावायची, हसायची, आणि पुन्हा लांब धरून सुरू. शेवटी तिनं रिसीव्हर नाहीदला परत दिला आणि डोळे पुसत म्हणाली, "मानूस तसाच हाय. इचार त्याले, येते का."

"अब्बा," नाहीद म्हणाली. पलीकडे रेडिओ बंद केल्याचा खटका झाला. तिला वाटलं, लाइन गेली. मग एक आवाज आला, अब्बांचाच, पण तिनं उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला. तरुण, मोकळा, अंगणात भट्टी पेटवून गावाला हाक देणारा.

"औंदा धान कसा हाय वो तिकडे?"

नाहीदनं काचेतून बाहेर पाहिलं. गुणाबाई आता एका मिरचीवालीला, आपण फोनवर कुणाशी बोललो ते सांगत होती. "बेस हाय," ती म्हणाली. "लोंब भरली हाय पुरी. कापनी झाली. येत्या सोमवारपासून चुरना सुरू करतो आमी."

"सोमवारी?" अब्बा घाईनं म्हणाले. "मले इतवारची गाडी पाह्यजे मंग. थांबजा वो, मी यायच्या आधी सुरू करू नोका."